‘हिला एकटी सोडू का?’ – लहान मुलांचे भूलतज्ज्ञ कसे घडतात

(या भागात जे बोललो त्याचं हे लेखी रूप. वाचताना अडखळू नये म्हणून ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ यातली निम्मी काढून टाकली आहेत. उरलेली सवयीची आहेत, चालवून घ्या.)

आजचा विषय बघून काही जण म्हणतील, हा कोडिंगवाला ऑपरेशन थिएटरमध्ये काय करतोय? प्रश्न रास्त आहे. मी बीटेक, कॉम्प्युटरवाला. इंजेक्शनची सुई दिसली तरी मान फिरवणारा माणूस. डॉक्टरकीतलं मी काही शिकवणार नाही, तेवढी माझी लायकीही नाही. पण गेल्या दोन-अडीच वर्षांत भूल देणाऱ्या डॉक्टरांबरोबर बसून एक काम केलं, त्यात एक मोठी चूक केली, आणि त्या चुकीतून जे कळलं ते आज सांगायचंय.

तर झालं असं. आमच्या छोट्या टीमला एका शिकवणाऱ्या हॉस्पिटलचं काम मिळालं. लहान मुलांना भूल देण्याचं खास शिक्षण घेणारे डॉक्टर असतात, त्यांना फेलो म्हणतात. हे फेलो रोज केलेल्या केसेस एका जाड वहीत लिहायचे. ते लॉगबुक आम्हाला मोबाईलवर आणायचं होतं. मला वाटलं, यात काय आहे? एक फॉर्म, एक यादी, खाली बेरीज. श्वासनलिकेत नळी घालणं इतक्या वेळा, पाठीतलं इंजेक्शन इतक्या वेळा, नवजात बाळं इतकी. आकडा भरला की हिरवी टिक. सगळ्या टिका हिरव्या झाल्या की पडद्यावर ‘प्रशिक्षणाचे ध्येय पूर्ण’. वर छोटी फुलबाजीही टाकली होती आम्ही, ॲनिमेशनची.

डेमोच्या दिवशी विभागाच्या मॅडमनी सगळं शांतपणे बघितलं. मग शेजारी बसलेल्या एका फेलोकडे बोट दाखवून म्हणाल्या, “छान केलंयस. आता मला एवढंच सांग. आज रात्री ओटीत तीन किलोचं बाळ येणार आहे आणि मला घरी जायचंय. हिला एकटी सोडू का? हे तुझं ॲप सांगेल?”

मी म्हटलं, “मॅडम, टिका तर सगळ्या हिरव्या आहेत.”

खोलीतले सगळे हसले. ती फेलो मात्र हसली नाही.

तीन किलोचं गणित

आता ‘तीन किलोचं बाळ’ म्हटल्यावर मॅडम एवढ्या गंभीर का झाल्या, ते आधी बघू. कारण प्रशिक्षणाची सगळी ध्येयं तिथूनच निघतात.

पहिली गोष्ट, श्वास. तान्ह्या बाळाचं शरीर वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या दुपटीच्या आसपास ऑक्सिजन वापरतं, आणि भुलीत फुप्फुसात शिल्लक राहणारा साठा मात्र थोडा असतो. म्हणजे टाकी छोटी आणि गाडीचं ॲव्हरेज वाईट. श्वास थांबला तर मोठ्या माणसात विचार करायला काही मिनिटं मिळतात. बाळात तेवढा वेळ मिळत नाही.

दुसरी गोष्ट, नळीची रुंदी. इथे माझं इंजिनिअरिंग कामाला आलं. बीटेकला आपण पॉइझ्वीलचा नियम पाठ केलेला असतो : नळीचा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बाळाची वाट समजा ४ मिलिमीटरची आहे आणि आतून सगळीकडून १ मिलिमीटर सूज आली. उरले २ मिलिमीटर. विरोध १६ पट. तीच सूज मोठ्या माणसाच्या ८ मिलिमीटरच्या वाटेत आली तर विरोध साधारण तीन पट होतो. परीक्षेत दोन मार्कांना विचारलेलं सूत्र, पण ते बाळाच्या गळ्यात बसलेलं पहिल्यांदा बघितलं.

तिसरी, रक्त. नवजात बाळात किलोमागे साधारण ८५ मिलिलिटर रक्त असतं. तीन किलोचं बाळ म्हणजे सगळं मिळून अडीचशे मिलिलिटर, अर्धा लिटरच्या दुधाच्या पिशवीतलं अर्धं दूध. पाच चमचे रक्त गेलं की दहावा हिस्सा गेला. ओटीत कापसाचे बोळे मोजतात, वजन करून बघतात, ते उगाच नाही.

चौथी, औषधाचा डोस. तो वजनावर ठरतो, आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं तर डोस दहा पट होतो. आता माझी पहिली चूक सांगतो. डेमोत मॅडमनी वजन २.६ टाकलं आणि आमच्या ॲपने ते ३ केलं. वजनाचं फील्ड मी पूर्णांक ठेवलं होतं! ते फक्त नोंदीसाठी होतं, त्यावरून कुणी डोस काढत नव्हतं, म्हणून निभावलं. पण २.६ चे ३ म्हणजे पंधरा टक्क्यांची चूक. मोठ्या माणसाच्या ॲपमध्ये ही चूक कुणाच्या लक्षातही आली नसती.

यावर एक सूत्र ऐकलं आणि मी खूश झालो. वर्षा-दोन वर्षांच्या पुढच्या मुलासाठी साध्या नळीचा आकार काढायचा असेल तर वयाला चारने भागा आणि चार मिळवा. चार वर्षांचं मूल, पाच नंबरची नळी. मी लगेच म्हटलं, कोडमध्ये टाकतो. मॅडम म्हणाल्या, “टाक. पण त्याखाली लिही, अर्धा नंबर लहान आणि अर्धा नंबर मोठी अशा दोन नळ्या हाताशी काढून ठेव. सूत्र आम्ही सगळेच पाठ करतो. त्या दोन नळ्या आधी काढून ठेवणं शिकायला वर्ष जातं.”

शिक्षणाचा जिना

भूलतज्ज्ञ व्हायला किती वर्षं लागतात? आपल्याकडे साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग तीन वर्षं भूलशास्त्रात एमडी. त्या तीन वर्षांत प्रसूती, हृदय, मेंदू, हाडं, अतिदक्षता, सगळीकडे पोस्टिंग असतं आणि लहान मुलं हा त्यातला एक भाग. ज्याला फक्त मुलांचंच काम खोलात करायचंय त्याने पुढे फेलोशिप करायची, किंवा काही मोठ्या संस्थांत तीन वर्षांचं डीएम आहे ते करायचं.

अमेरिकेत मुलांच्या भूलशास्त्राच्या एक वर्षाच्या फेलोशिपला १९९७ पासून अधिकृत मान्यता मिळू लागली, आणि या विषयाची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा पहिल्यांदा २०१३ मध्ये झाली. म्हणजे हे वेगळं शास्त्र आहे, हे कागदावर यायलाही बराच काळ गेला. तिथे ध्येयं सहा खणांत मांडतात : रुग्णाची काळजी, ज्ञान, स्वतःच्या कामातून शिकणं, संवाद, व्यावसायिक वागणूक आणि पूर्ण व्यवस्थेचं भान. यातल्या पहिल्या दोन खणांचे आकडे काढता येतात. उरलेल्या चारांचं काय करायचं, हा प्रश्न. मी काय केलं? ते चार खण ‘इतर’ नावाच्या टॅबमध्ये टाकून दिले.

आता कुणी म्हणेल, अनुभवाने खरंच फरक पडतो का, की हे सगळं उगाच? युरोपातल्या ३३ देशांतल्या २६१ हॉस्पिटलांनी मिळून एक मोठा अभ्यास केला, ‘ॲप्रिकॉट’ नावाचा, २०१७ मध्ये छापून आला. सुमारे ३१ हजार भुलींची नोंद. साधारण शंभरातल्या पाच वेळा काहीतरी गंभीर प्रसंग आला, म्हणजे तातडीने हात चालवावे लागले. घाबरू नका, प्रसंग म्हणजे मृत्यू नव्हे. पण त्यातले निम्म्याहून जास्त प्रसंग श्वासाचे होते. मूल जितकं लहान तितका धोका जास्त, आणि टीममधल्या सर्वात ज्येष्ठ भूलतज्ज्ञाचा अनुभव जितका जास्त तितका धोका कमी, असं त्यात दिसलं. नीट ऐका, ‘टीममधल्या सर्वात ज्येष्ठ’. म्हणजे शिकाऊ डॉक्टर कितीही हुशार असू दे, त्याच्या बाजूला कोण उभं आहे यालाही किंमत आहे.

माझी खरी चूक

वजनाचं फील्ड दुरुस्त केलं, ॲप सुरू झालं, चार-पाच महिने गेले. एकदा कामासाठी हॉस्पिटलात गेलो असताना ती डेमोतली फेलो कॅन्टीनमध्ये भेटली. चहा घेतला. ती म्हणाली, “एक विचारू? तुमच्या ॲपमध्ये केस कुणी केली, त्याला तीन पर्याय आहेत. ‘स्वतः’, ‘मदतीने’, ‘पाहिली’. बरोबर? आणि हिरव्या टिकेसाठी फक्त ‘स्वतः’ मोजलं जातं.”

मी म्हटलं, हो. मग तिने एका रात्रीची गोष्ट सांगितली. काही आठवड्यांचं बाळ, ऑपरेशन व्यवस्थित झालेलं. शेवटी नळी काढली आणि बाळाचं स्वरयंत्र गपकन मिटलं. याला लॅरिंगोस्पाझम म्हणतात. छाती हलतेय, पण हवा आत जात नाही. ओटीतला मॉनिटर दर ठोक्याला बीप करतो ना, रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या बीपचा सूर खाली उतरतो. ती म्हणाली, “मी आकडा बघितलाच नाही, सूर उतरताना ऐकला.” तिने मास्क घट्ट धरला, दाबाने ऑक्सिजन द्यायला लागली, आणि त्याच क्षणी ओरडून मॅडमना बोलावायला सांगितलं. मॅडम शेजारच्या ओटीतून आल्या. दोघींनी मिळून सावरलं. बाळ रडलं, सगळ्यांनी श्वास सोडला.

“आणि मग रात्री केस भरताना,” ती म्हणाली, “मी खरं ते टाकलं. ‘मदतीने’. माझा आकडा तिथेच राहिला. माझ्या बरोबरच्या एकाने तशाच केसमध्ये हाक मारायला वेळ लावला, कसंबसं निभावलं, आणि ‘स्वतः’ टाकलं. तुमच्या ॲपमध्ये तो आज माझ्या पुढे आहे.”

माझा चहा तसाच राहिला.

मंडळी, विचार करा. मी कुठेही ‘मदत मागू नका’ असं लिहिलं नव्हतं. पण मदत मागितली की आकडा वाढत नव्हता, आणि आकडा वाढला नाही की प्रमाणपत्र लांबत होतं. मदत मागण्याला मी दंड लावला होता, आणि दंड भरायची वेळ आली असती तर ती बाळावर आली असती. त्या बाळांना मी बघितलेलंही नव्हतं.

कुठे उभे राहाल?

मी मॅडमकडे गेलो, कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आमची वहीसुद्धा हेच करत होती. तुझ्यामुळे ते चटकन दिसलं.” मग त्यांनी मला एक कल्पना वाचायला दिली. उट्रेख्तचे ओले टेन काटे म्हणून शिक्षणतज्ज्ञ आहेत, त्यांनी २००५ मध्ये मांडलेली. शिकणाऱ्याला मार्क देण्यापेक्षा असं विचारा, की हे काम याच्यावर किती विश्वासाने सोपवता येईल? पाच पायऱ्या : नुसतं बघ, मी शेजारी असताना कर, मी हाकेच्या अंतरावर असताना कर, एकटा कर, आणि शेवटची, दुसऱ्याला शिकव.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. नव्या मुलाला पहिल्याच दिवशी प्रोडक्शनचा ॲक्सेस देत नाही. आधी कोड वाच, मग रिव्ह्यूखाली लिही, मग रिलीज कर, मग रात्रीचा ऑन-कॉल घे. फरक एवढाच, की आमच्याकडे रोलबॅक असतो.

ॲप नव्याने लिहिलं. हिरव्या टिका काढल्या, फुलबाजी तर आधी काढली. प्रत्येक केससाठी सीनियरने एक ते पाच यातली पायरी द्यायची असं ठेवलं. झालं काय? महिन्याभरात सगळ्या सीनियरनी सगळ्यांना चार द्यायला सुरुवात केली! रात्री अकरा वाजता ओटीतून दमून बाहेर आलेला माणूस कुणाला वाईट वाटेल असा आकडा कशाला देईल?

मग प्रश्नच बदलला. ‘पुढचं असंच बाळ आलं, तर तुम्ही कुठे उभे राहाल?’ उत्तरं चार : शेजारी, बाजूच्या खोलीत, फोनवर, घरी. आता मात्र उत्तरं बदलली. ज्याला चार दिले होते त्याच्याच बाबतीत त्याच सरांनी ‘शेजारी’ निवडलं. आकडा देताना माणूस भिडस्त होतो, पण पाय कुठे असतील ते विचारलं की खरं बोलतो.

आणखी दोन गोष्टी केल्या. ‘मदत मागितली का’ याखाली ‘वेळेवर’ की ‘उशिरा’ हा पर्याय आला, आणि वेळेवर मागितलेली मदत ही जमेची बाजू झाली. दुसरं म्हणजे आलेख. शीर सापडणं, नळी घालणं अशा हाताच्या कामांसाठी एक पद्धत आहे, क्यूसम. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कुसुम ऐकू आलं! कारखान्यातल्या मालाची गुणवत्ता तपासायला पेज नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये काढलेली ही पद्धत. प्रत्येक यशाला रेषा थोडी खाली येते, प्रत्येक अपयशाला बरीच वर जाते. एकाचा हात वीस केसमध्ये बसतो, दुसऱ्याचा साठमध्ये. सगळ्यांना ‘पन्नास पूर्ण’ म्हणण्यात अर्थ नाही, हे त्या रेषेवरून दिसतं.

प्रमाणपत्राच्या अर्जात केसेसचा आकडा अजून विचारतातच. तो शेवटच्या पानावर ठेवलाय. आकडा नको असं माझं म्हणणं नाही. पन्नास बाळं न बघता कुणी शिकत नाही.

तीन चिकटपट्ट्या

आता शेवटची गोष्ट, घरची. मागच्या वर्षी ताईच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. जुनी माणसं अंतर्गळ म्हणतात ते. बाळ पाच महिन्यांचं. हॉस्पिटल वेगळं, पण तेही शिकवणारंच. आई घरी देवासमोर बसलेली, तिचा एकच प्रश्न, “भुलीतून उठेल ना रे?”

आदल्या संध्याकाळी एक तरुण फेलो भेटायला आला. खुर्ची ओढून बसला, उभ्या उभ्या बोलला नाही. अंगावरचं दूध शेवटचं कधी पाजायचं, ते ताईला घड्याळाची वेळ लिहून दिली, ऑपरेशनच्या चार तास आधीची. आठवड्याभरात सर्दी-खोकला झाला का, हे दोनदा विचारलं. भावोजींनी मोबाईलवर वाचलेलं विचारलं, “भुलीचा मेंदूवर परिणाम होतो म्हणे?”

मी कान टवकारले. ‘संवाद’ नावाचा खण मी ‘इतर’मध्ये टाकला होता, तो आता समोर घडत होता. तो म्हणाला, “अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये इशारा दिला होता, ते खरं आहे. तो तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल देण्याबद्दल होता. हर्नियाच्याच ७२२ बाळांवर सात देशांत अभ्यास झालाय. निम्म्यांना पूर्ण भूल, निम्म्यांना जागेपणी पाठीत इंजेक्शन. भूल सरासरी तासाभराची. पाच वर्षांचे झाल्यावर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तुमच्या बाळाचं काम तेवढंच आहे. मात्र उद्या काहीच होणार नाही अशी हमी मी देत नाही. काही झालं तर काय करायचं याची तयारी करून ठेवतो, ते सांगतो.” हे शेवटचं वाक्य ऐकून भावोजी थोडे शांत झाले. गोड बोलला असता तर झाले नसते.

दुखण्याबद्दलही सांगितलं. बाळाला कळत नाही, असं एकेकाळी डॉक्टरही मानायचे आणि अगदी कमी भुलीत तान्ह्यांची ऑपरेशनं व्हायची. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे आपले कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की वेदनेचा धक्का अपुऱ्या दिवसांच्या बाळालाही बसतो आणि नीट भूल दिली तर ते जास्त चांगलं सावरतं. म्हणून आता माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देतात, कॉडल ब्लॉक, म्हणजे उठल्यावर दुखत नाही.

दुसऱ्या दिवशी बाळ बाहेर आलं. रडत होतं, म्हणजे छान होतं. पण त्याच्या दोन्ही हातांवर आणि एका पायावर अशा तीन चिकटपट्ट्या. ताईचा पारा चढला. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले आणि न विचारताच म्हणाले, “शीर सापडायला त्रास झाला. दोनदा आमच्या फेलोने प्रयत्न केला, मग तो थांबला आणि मला म्हणाला, सर, तुम्ही करा. तिसऱ्यांदा मी लावली.”

ताई म्हणाली, “म्हणजे माझ्या पोरावर शिकत होते?”

मंडळी, याला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. मामा म्हणून मलाही त्या दोन चिकटपट्ट्या टोचत होत्या. पण दोनदा चुकल्यावर तिसऱ्यांदा हट्ट न करणं, भर ओटीत ‘तुम्ही करा’ म्हणणं, ही ओळ ॲपमध्ये आणायला मला वर्ष लागलं होतं. आणि तो मुलगा ते आमच्या बाळासाठी करून गेला होता. मी ताईला एवढंच म्हटलं, “ताई, तिसरी पट्टी मोठ्या डॉक्टरांची आहे. ती त्याने मागितली म्हणून आहे.” ती काही बोलली नाही. डिस्चार्जच्या वेळी मात्र त्या फेलोला पेढा तिनेच दिला.

तर तुमच्या घरात कधी लहान मुलाचं ऑपरेशन ठरलं, तर दोन गोष्टी करा. एक, सर्दी-खोकला आणि शेवटचं दूध, लपवू नका, अगदी ऑपरेशन पुढे गेलं तरी. दुसरं, ‘भूल कोण देणार’ एवढंच विचारून थांबू नका. ‘त्यांच्या शेजारी कोण उभं असणार?’ हेही विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत.

आणि माझ्यासारखे कोड लिहिणारे ऐकत असाल, तर आपल्या ॲपमधली एखादी हिरवी टिक उघडून बघा. तिच्यामागे कोण हाक मारायला कचरतंय का?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.